सरीतलं फावडं

धाकट्या,

काल येतो म्हणालास आणि आला नाहीस. बाबांनी आपल्या नावावर केलेलं शेत-घर विकायचं ठरवताना बरा वेळ होता तुला. बाबांना सांगायची वेळ आली की नेमका तुझा टेम्पो बिघडतो. असो. मी त्यांना घेऊन सकाळच्या बसने पुढे जातेय. डोळे दाखवायला शहरात चाललोय, संध्याकाळी परत येऊ, असं सांगितलंय.

भांडी बांधून ठेवलीत. खाट तेवढी सोडवून टेम्पोत टाक. गाय शेजारच्या काकूंकडे आहे, तिच्याकडे जाऊ नकोस, ती तुझ्या मागे लागेल. मागचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. लाथ मारू नकोस, आता ते आपलं नाही.

अजून एक. बाबांची सवय तुला ठाऊक आहे. काम उरलं असेल तर फावडं सरीतच रोवून घरी येतात, उद्या कुठून धरायचं ते कळावं म्हणून. लहानपणी तू ते उपटून आणलंस तेव्हा केवढे भडकले होते! धुऊन टांगतात ते फक्त हंगाम संपला की.

मिरचीचं पाणी काल अर्ध्यावरच राहिलंय. मघाशी गोठ्यात गेले, तर फावडं धुऊन, पुसून, पात्याला तेल लावून खुंटीला टांगलेलं.

आणि ते स्वतः धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलेत. मला म्हणाले, "संध्याकाळी लवकर परतू ना गं?"

मी हो म्हटलं. तुला विचारलं तर तूही हो म्हण.

ताई