तिसरी कॅप उलटी बसली होती

अप्पा,

सकाळी इंजिनाचा क्रँक हाताने फिरवून पाहिला, तर जागचा हलेना. म्हणून त्याला जागेवर धरणाऱ्या पाचही कॅप खोलल्या. तिसरी उलटी बसवली होतीत. कॅपवरचा बाण इंजिनाच्या पुढच्या बाजूला हवा, हे मला तुम्हीच शिकवलंत ना? वर ती करकचून आवळलीत आणि गिऱ्हाइकाला फोन केलात, ‘गाडी न्यायला या!’ बेअरिंगवर चरे पडलेत. इंजिन सुरू केलं असतं तर क्रँकच हातचा गेला असता.

काल विचारलं, ‘बाण दिसतोय ना नीट?’ तर अंगावर आलात, ‘मला शिकवू नकोस!’ परवा जिन्यात शेजारच्या काकूंना आई समजून रागावलात, तेव्हाही म्हणे उजेड कमी होता. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्हाला ऐकूच येईनासं होतं.

नवं बेअरिंग आणायला चालले आहे. कॅप आवळायचा टॉर्क पाना सोबत नेलाय, शोधत बसू नका. आल्यावर कॅप दोघं मिळून बसवू. बाण मी बघेन, आवळायचं तुम्ही.

आईला अजून काही बोललेले नाही. उद्या डोळे दाखवायला चला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

धाकटी