नवाबाच्या दिवाणखान्यातलं तबक

३ जानेवारी १९४३, उमरगा
आज बाजी मारली. लहानपणचा दोस्त शंकरप्पा, त्याच्या घरी हातानं रंगवलेलं पत्र्याचं तबक दिसलं. मधोमध गुलाब, कडेनं सोनेरी वेल. म्हणाला, नवाबाच्या दिवाणखान्यातलं, खात्रीच्या माणसानं सांगितलंय. मला सांगायची गरजच नव्हती. दुकान मिठामिरचीचं असलं तरी एकदा पाहिलेला माल मी जन्मात विसरत नाही. आमची गाभण म्हैस देऊन तबक घेतलं. बिचाऱ्याला लुबाडल्यासारखं वाटलं. पण सौदा म्हणजे सौदा.

४ जानेवारी
शिवम्मा भडकली. म्हैस तिच्या माहेरची. एकीच्या दोन आणून देतो, असा शब्द दिला. मग तबक उलटंपालटं करून म्हणाली, अहो, हे तर... तिथंच गप्प केलं. जुन्या मालाची पारख हे काय बायकांचं काम?
रागानं चहा बिनदुधाचा दिला. निश्चय: तक्रार करायची नाही.

९ जानेवारी, सकाळी
पारख पूर्ण. पाठीवर काळं रोगण, म्हणजे शंभर वर्षांचा अस्सल विलायती माल. वास डांबराचा येतो, पण जुन्या रोगणाला येतच असणार. शिवम्मा चिंच आणि राख घेऊन घासायला आली. किंचाळलो.
चहा तसाच. पोट बिघडलं. तक्रार नाही.

१७ जानेवारी
जुन्या मालाचा हैदराबादी सौदागर आला. भर बाजारात तबक मांडलं, नवाबाची हकीगत चढ्या आवाजात सांगितली. त्यानं घासलेटची चिंधी पाठीवर फिरवली. डांबरच निघालं. खाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: कल्याणप्पाकडून शंकरप्पास लग्नाचा आहेर. सौदागरानं विचारलं, हा कल्याणप्पा कोण? सगळा बाजार माझ्याकडं बघायला लागला.

तीच तारीख, संध्याकाळी
दगा! सरळ शंकरप्पाचं दार गाठलं. दोस्ताचा आहेर दोस्ताच्याच गळ्यात मारतोस? कोण तो खात्रीचा माणूस? तर थंडपणे म्हणाला, तूच की गा. माझ्या लग्नात मांडवभर तूच सांगत फिरत होतास. दोस्ताच्या शब्दावर इसवास ठेवला, ह्यात माझं काय चुकलं? डांबर म्हणे गंज लागू नये म्हणून. म्हैस मागितली. सौदा म्हणजे सौदा, म्हणाला.
घरी शिवम्मा म्हणते, तुळजापूरला देवीला गेलो तेव्हा आपणच घेतलं होतं, पहिल्याच दिवशी सांगत होते. मग जोरात सांगायचं होतं! घरचं माणूससुद्धा आपलं न्हाय. माझा स्वभावच भोळा, सगळ्यांवर विश्वास टाकतो.
निश्चय: शंकरप्पाच्या घरचं पाणीसुद्धा वर्ज्य.

२० जानेवारी
म्हैस व्याली. पारडी झाली. शंकरप्पानं खरवस पाठवला. शिवम्मानं मुद्दाम त्याच तबकात वाढला. हात लावला नाही.

थोड्या वेळानं
शेवटी बोटानं पुसून खाल्ला. बोटाला गुलाबाचा रंग लागला.