हरळीला फाशी

७ डिसेंबर, सकाळ
ठरलं. लॉन मरणार. बाबांनी तारापूरच्या कॉलनीतल्या साहेबांचं बघून आमच्या दांडी गावात लॉन लावलं. आई त्याला हरळीच म्हणते. पाणी घाला, कापा, परत पाणी घाला. कापतो कोण? मी. आता तिथे जलपिंपळी. जमिनीला चिकटून पसरते, बारीक फुलं, कापायची झंझट नाही. फेब्रुवारीत मोनालीताईचा साखरपुडा याच अंगणात. बाबांची अट: तोपर्यंत अंगण हिरवं नसेल तर पेव्हर ब्लॉक. हसलो.

८ डिसेंबर
कुदळीने हल्ला. लॉनचं नुकसान: वीतभर. माझं: डावा अंगठा, बोईसरला टाके. रक्त लॉनवरच सांडलं. शत्रूला फुकट खत.

१२ डिसेंबर
कोयता. पाण्याचा पाइप तुटला. टेक्निकली तोच मध्ये आला. लॉन भिजून अजून हिरवं. शेजारची हंसाकाकी कुंपणावरून म्हणाली, हरळी हाय ती, तिला मारायला तुजा बाप पन पुरायचा नाय.
बघतोच.

१५ डिसेंबर, पहाट
केमिकल वॉर. आईच्या मासे खारवायच्या मिठाच्या गोण्या पडवीत होत्या. सगळ्या अंगणात ओतल्या, वर पाणी मारलं. लॉन मरेल. जलपिंपळीला काही होणार नाही, कारण आई दरवर्षी माडाच्या बुंध्यात मीठ घालते आणि माड एकदम फिट आहे. म्हणजे मीठ झाडांना चालतं. गवत सोडून. कॉमन सेन्स.

२१ डिसेंबर
लॉन पिवळं, मग तपकिरी. खून केल्यावर इतकं फ्रेश वाटतं माहीत नव्हतं. नाचलो. अंगठा ठणकतोय.
आई गोण्या शोधत होती. म्हटलं, उंदीर.

२ जानेवारी
पाम गावच्या नाल्याकाठून जलपिंपळी आणली. रांगेत लावली, आर्मीसारखी.

९ जानेवारी
आर्मी आडवी. ट्रान्सप्लांट शॉक, नेटवर आहे. ताकद यावी म्हणून अजून थोडं मीठ घातलं.

१४ जानेवारी
सगळे ठार. कुंपणाजवळची आईची अबोलीही मान टाकतेय. अंगणाचा उतार तिकडेच आहे, पण योगायोग असू शकतो. ही अबोली आईने ताईच्या साखरपुड्याच्या वेणीसाठी वर्षभर जपलीय. बाजारातली वेणी तिला नकोय. मी लगेच अंगणात भरपूर पाणी सोडलं. सगळं वाहत अबोलीकडे गेलं. आता वाचेल.

२० जानेवारी
अबोली गेली. आईने मातीत बोट घातलं, खारवलेला मासा चाखतात तसं चाखलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "उंदीर काय रे?"
केरसुणी माझ्या पाठीवर मोडली. हल्ली केरसुण्यांना क्वालिटीच नाही.

८ फेब्रुवारी
साखरपुडा झाला. पेव्हर ब्लॉक लागले नाहीत, कारण अंगण हिरवं होतं. हरळी परत आलीय, त्याच मिठातून. मुलाकडचे मामा विचारत होते, एवढी बिनकष्टाची जात कुठली? मी नॅचरल लँडस्केपिंगवर बोलायला लागलो. हंसाकाकीला ठसका लागला.
ताईने पालघर स्टेशनबाहेरची वेणी माळली. मी आईकडे बघितलं नाही.

९ फेब्रुवारी
आईने हंसाकाकीकडून अबोलीचं रोप आणून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "ही तुज्या बायकोच्या वेणीची. रोज पानी घालशील तवा लगीन."
मी हे झाड कमी पाण्यावर जगतं का बघायला नेट उघडलं. मग बंद केलं. बादली भरली.
परत आलो तर बाबांनी गवत कापायचं मशीन बाहेर काढून ठेवलं होतं. लॉन वाढलंय.