रियाधमध्ये भेटलेला बल्ती म्हातारा

अम्मी, रियाधवर क्षेपणास्त्रं पडत होती त्या हिवाळ्यातली तू मला सगळ्यांत जास्त आठवतेस. शाळा बंद, खिडक्यांच्या फटींना तू चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि अब्बा तरीही रोज इस्पितळाच्या लॅबमध्ये जायचे. एका दुपारी ते जेवायला आले आणि हात न धुताच तुझ्यासमोर उभे राहिले. "वॉर्डात एक म्हातारा मजूर आहे, पाकिस्तानचा. सायरन झाला तेव्हा परांचीवरून पडला. डोक्याला मार लागलाय, उर्दू पार विसरलाय. सारखा 'आता, आता' करतो. मला वाटलं मराठी माणूस! विचारलंसुद्धा, काय आता? मग आठवलं, तू तुझ्या वडिलांना आता म्हणायचीस ना?"

तू गॅस बंद केलास आणि अबाया चढवलास. मी अकरा वर्षांची, एकटी कशी ठेवणार, म्हणून मलाही घेतलंस. तू कारगिलकडची, अब्बा चिपळूणचे. घरात मराठी, शेजारपाजारी हिंदी. तुझी माहेरची भाषा, बल्ती, उरली होती ती मामूंच्या फोनपुरती, तीही लाइन लागली तर. म्हातारा होता स्कर्दूचा, सीमेपलीकडचा. तू वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोललीस. मग त्याने तुझी बाही धरली आणि बोलतच सुटला. तू डॉक्टरांना हिंदीत सांगत होतीस, पाय दुखत नाहीत म्हणतो, पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही म्हणतो, घरी कधी सोडणार विचारतो. डॉक्टर म्हणाले, "विमानं बंद आहेत म्हणावं." तू बराच वेळ बोललीस. त्यांनी विचारलं, एवढं काय सांगितलंत? "सांगितलं, खिंडीत बर्फ आहे. वाट उघडली की जाऊ."

मग तू रोज जायला लागलीस. खाटेच्या कडेला बसून तुम्ही दोघं काय बोलायचात देव जाणे, पण तू हसायचीस, ओढणी तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत. घरी तुला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी स्टुलावर बसून बघत राहायचे आणि मला ती बाई अनोळखी वाटायची. आणि एका दुपारी खाट रिकामी दिसली, चादर बदललेली. नर्सने तळवे झटकले, "खलास." तू रडली नाहीस. घरी येऊन कणीक मळायला घेतलीस. अब्बांनी विचारलं, काय झालं गं? तू मान वर न करता एक वाक्य बोललीस, बल्तीत. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार? मग तूच म्हणालीस, "काही नाही. पानं घ्या."

त्यानंतर ती भाषा मी तुझ्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. तू गेलीस, मामूही गेले. गेल्या वर्षी पुण्यात कारगिलहून शिकायला आलेला एक मुलगा भेटला, त्याला मी ते वाक्य म्हणून दाखवलं. त्याने दोनदा ऐकलं, मग अगदी अदबीने म्हणाला, "आंटी, ये हमारा नहीं लगता." इतकी वर्षं तोंडातल्या तोंडात घोळवून मीच ते झिजवलं असणार. हे पत्र मराठीत आहे, कारण मला दुसऱ्या कशात लिहिता येत नाही, आणि ते इथेच कपाटात राहील. घरात कुणी नसलं की मी अजूनही ते वाक्य मोठ्याने म्हणते, चुकीचं का असेना.