आवाज बंद करून पाहिलेले सामने

४ फेब्रुवारी, मंगळवार

कुलूप या टोपणनावाच्या आमच्या खेळाडूचा आकडा पुन्हा खाली. नव्वद मिनिटांत एकतीस पास! आमच्या गोलकीपरचे चौतीस आहेत.

चेंडू आपल्याकडे ठेवायचा, समोरच्यांना नुसतं पळवायचं — कोचचा सगळा खेळ एवढ्यावर उभा आहे. अशा संघात मधल्या फळीत राहून जो चेंडूला फारसा पायच लावत नाही, तो नक्की करतो काय? रविवारचा सामना दोनदा पाहिला. तो उभा राहतो. चार पावलं डावीकडे जातो, उभा राहतो. परत मध्ये येतो, उभा राहतो. बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

वय चौतीस. पुढच्या हंगामात त्याला ठेवायचं की निरोप द्यायचा, हे समिती माझ्या अहवालावर ठरवणार आहे. इथून सुटला तर या वयात त्याला दुसरीकडे कोणी घेणार नाही, असं गोलकीपर मला ऐकवून गेला. तो माझा प्रश्न नाही. माझं काम मोजायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरी जेवणाच्या टेबलावर काम. ताईने टेबलाचा अर्धा भाग मला दिलाय, अर्ध्यावर आईची औषधं. आवाज बंद ठेवायचा हा जुना करार — आईची दुपारची झोप मोडते. सुरुवातीला चिडलो होतो, आता आवाज असला तर मलाच काम सुचत नाही. डोळ्यांसमोर नुसते आकडे.

चारला सरावाला निघालो. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता तिचं नेहमीचं, ‘जा तू, मी आहे.’

कोचला तक्ता दाखवला. कुलपाच्या जागी इस्त्रीला घ्या म्हटलं. इस्त्री बावीस वर्षांचा, पास असे देतो की सुरकुती म्हणून नाही, आणि शर्टही तसाच. कोचने कागद खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, ‘तुझा तक्ता खोटं बोलत नाही ना?’ मी म्हटलं, तक्त्याला तोंडच नाही सर.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन–शून्य! इस्त्रीचे अठ्ठ्याऐंशी पास. कुलूप बाकावर, अंगावर टॉवेल, चेहऱ्यावर काही नाही. समोरचा संघ तळाचा होता हे मान्य. तरी अठ्ठ्याऐंशी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल समितीला पाठवला. मुदतीच्या चौदा दिवस आधी. ‘योगदान मर्यादित, करार वाढवण्याची शिफारस नाही.’ दोन ओळी. शुद्धलेखन तपासलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक–तीन. तिन्ही गोल डावीकडून.

डावीकडे आमचा भिंगरी असतो. नाव बचावपटूचं, पण एकदा सुटला की थेट समोरच्याच्या गोलपाशी. त्याच्याशिवाय आमचा खेळ पुढे सरकतच नाही. तो पुढे गेला की मागे भलं मोठं मैदान मोकळं पडतं. आज त्याच मैदानातून ते तीनदा आले.

आणि एक विचित्र गोष्ट. भिंगरी आज सारखी मान वळवून मागे बघत होता. पळता पळता बघतो, अर्धं पाऊल अडखळतो, चेंडू जातो. मी मोजलं — बावीस वेळा. मागच्या महिन्यात एका सामन्यात दोन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीच्या मानेचं दुखणं असणार. तसं लेखी लिहून त्याला फिजिओकडे पाठवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओचा निरोप — मान लोण्यासारखी फिरते. ‘तुमचीच एकदा दाखवून जा.’ सगळ्या ड्रेसिंग रूममध्ये हसू. हसोत.

२३ फेब्रुवारी, रविवार

शून्य–दोन. चेंडू सत्तर टक्के वेळ आमच्याकडे! भिंगरी दुसऱ्या अर्ध्यात पुढे गेलाच नाही. कोचने ओरडून ओरडून घसा बसवला, तो हलेना. सामन्यानंतर मी विचारलं, काय झालं? म्हणाला, ‘माहीत नाही हो. पाय उचलत नाही. पाठ उघडी वाटते.’

पाठ उघडी वाटते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कुलूप क्लबातल्या माझ्या खोलीत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला मास्तर म्हणतो, आकडेमोडीवरून. वाटलं, भांडायला आला. मी तक्ता आधीच काढून ठेवला.

तो खुर्ची ओढून बसला आणि पडद्यावर चाललेला जानेवारीतला सामना बघत राहिला. दहा मिनिटं तरी. मग म्हणाला, ‘मास्तर, आवाज कुठे गेला?’

मी म्हटलं, या कामाला आवाज लागत नाही.

‘बरं,’ म्हणाला. आणखी थोडं पाहिलं. मग विचारलं, तुम्ही इतके तास हे बघता, घरी कोण असतं? म्हटलं, आई असते, तिला एकटं ठेवता येत नाही, पण ताई आहे. ‘आणि ताईंना कुठे जायचं असलं की?’ म्हटलं, ती कुठे जात नाही. त्याने मान डोलावली, बुटाची नाडी बांधली आणि गेला. तक्ता त्याने पाहिलाच नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज क्लबच्या खोलीत बसून आवाज लावला. छतावरच्या कॅमेऱ्यात नुसता गोंगाट. पण दुसरा कॅमेरा डावीकडे रेषेलगत असतो, जमिनीपासून हातभर उंच. त्यात सगळं ऐकू येतं. बुटांचा आवाज, शिव्या, धाप.

आणि एक शब्द — ‘आहे.’

ओरडून नाही. शेजारच्याला मीठ मागावं इतपत. कुलूप चार पावलं डावीकडे येतो, भिंगरीने सोडलेल्या जागेसमोर उभा राहतो, म्हणतो ‘आहे’, आणि भिंगरी सुटतो. मागे न बघता. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग मोजायला बसलो, दुसरं येतं काय मला? जानेवारीतल्या त्या सामन्यात भिंगरी एकतीस वेळा पुढे गेला. त्याआधी ‘आहे’ — एकोणतीस वेळा. राहिलेल्या दोन वेळा त्याने मान वळवून पाहिलं. ते दोन मी मागेच मोजले होते. दुखणं म्हणून!

चार पावलं म्हणजे काय, तेही आज दिसलं. तो तिथे उभा असला की समोरचा तिकडे पास देतच नाही. जे घडलंच नाही ते मी कसं मोजणार होतो? पण मी विचारलंही नाही. सहा वर्षं मुके सामने बघितले आणि त्यावर माणसांचे निकाल लिहिले. लाज वाटली. सरळ लिहितो — लाज वाटली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच नवा अहवाल घेऊन कोचकडे. कोचने ध्वनीसकट पाहिलं, दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग दोघेही समितीच्या चिटणीसाकडे गेलो. चिटणीस सज्जन माणूस, चहा दिला. सोमवारीच ठराव झाला म्हणाले. तुमचा अहवाल लवकर आला, म्हणून विषय लवकर घेतला. त्याच्या जागी नवा माणूस ठरलासुद्धा. आता परत घेता येत नाही.

चौदा दिवस आधी पाठवला होता. मुदत पाळली असती तर!

कुलपाला मीच सांगितलं. बाकी कोणी सांगू नये असं वाटलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. तो म्हणाला, कळलं. मग त्यानेच विचारलं, ‘उरलेले सामने तरी खेळू ना?’

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कोचला वाटलं, शब्दच तर आहे, इस्त्रीला शिकवू. सरावात इस्त्री खणखणीत ‘आहे!’ म्हणाला, भिंगरी सुटला, आणि मागून गोल झाला. इस्त्री म्हणाला होता, पोचला नव्हता. तीनदा तसंच.

कुलूप उठून त्याच्याजवळ गेला. रागावला नाही. म्हणाला, ‘आधी जायचं. उभं राहायचं. मग म्हणायचं. ते वचन नाही रे, हजेरी आहे.’

मग अर्धा तास दोघं चेंडूशिवाय डावीकडे-मध्ये, डावीकडे-मध्ये करत राहिले. ज्याने आपली जागा घेतली त्याला हा माणूस ती जागा राखायला शिकवतोय. मी वहीत काही लिहिलं नाही.

२ मार्च, रविवार

एक–शून्य. कुलूप आत. त्याचे पास सव्वीस. डावीकडून एकही हल्ला नाही. भिंगरीने मागे पाहिलं — शून्य वेळा.

आता शेवटचा सामना सोळाला, परगावी. जिंकलो तर पहिले. कुलपाचाही शेवटचा.

५ मार्च, बुधवार

रिमोटचे सेल शोधताना टेबलाच्या खणात ताईचं पत्र सापडलं. वाचायला नको होतं, वाचलं. तिच्या मैत्रिणीची शाळा आहे, इथून आठ तासांवर. गणिताच्या बाई चार महिने रजेवर, तू येशील का? पंधरा मार्चला हजर हवं, दहापर्यंत कळव. पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं. खाली ताईच्या अक्षरात पेन्सिलने गाडीची वेळ. मग ती खोडलेली.

आई आजारी पडायच्या आधी ताई बारा वर्षं गणित शिकवत होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी मोजलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

विचारलं. ती म्हणाली, ‘ते पत्र? अरे, गंमत म्हणून ठेवलंय.’ आणि आईच्या गोळ्या मोजायला लागली. सरावाला निघालो तर मागून तेच — ‘जा तू, मी आहे.’ जिन्यात थांबलो. सहा वर्षं हे ऐकतोय. रोज पुढे पळत सुटतोय, मागे न बघता.

गेलोच नाही. परत वर आलो.

८ मार्च, शनिवार

ताईशी दोन दिवस वाद. तुला आईचं काय कळतं, म्हणाली. खरंच काही कळत नाही. मग तिला म्हटलं शिकव, लिहून घेतो. पहिल्याच दिवशी सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांची अदलाबदल केली. आई म्हणाली, ‘हा कोण नवा?’ ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मी सराव सोडून बाकी काम घरून करणार. सरावाच्या वेळी शेजारच्या काकू बसतील. परगावचे सामने बंद.

१० मार्च, सोमवार

ताईने फोन केला. येते म्हणाली.

कोचला सांगितलं, सोळाला मी येणार नाही. तो भडकला. कुलपालाही सांगितलं — तुझा शेवटचा सामना माझ्याकडून चुकणार. कारण सांगितलं. तो म्हणाला, ‘रेकॉर्डिंग येईलच की मास्तर. आवाज लावून बघा.’

१५ मार्च, शनिवार

ताई सकाळी साडेसातला निघाली. बॅग उचलली, दारापर्यंत गेली आणि मान वळवून मागे पाहिलं — अर्धं पाऊल अडखळून. मी आधी आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मग म्हटलं, ‘आहे.’

ती पुन्हा वळली नाही.