सिस्टर लव्हीना खरं बोलल्या तेव्हा

सिस्टर लव्हीना यांना सांगवीच्या नेहाचा जय भीम आणि नमस्कार,

तुम्ही आता कोणालाच ओळखत नाही, असं तुमच्या आश्रमातून कळलं. म्हणून हे पत्र पाठवणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी चाकणजवळच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. परवा प्रेस मशीनचं हात वाचवणारं गार्ड काढून काम चाललेलं दिसलं. मशीनवरच्या कामगार जाईबाई आत हात घालून पत्रा सरकवत होत्या. मी मशीन बंद केलं. मॅनेजर धावत आले.

"मॅडम, माल आजच जायचाय. गार्ड उद्या बसवू."

"आधी गार्ड, मग माल, सर."

तेव्हा तुमच्या कॉन्व्हेंट शाळेतली आमची सातवी आठवली. इन्स्पेक्टर येणार म्हणून कोणीतरी दुसऱ्या शाळेतून प्रयोगशाळेचं सामान आणून मांडलं होतं. साहेब कौतुक करू लागले, तशा तुम्ही आम्हा मुलींसमोर म्हणालात, "हे आमचं नाही, सर. उसनं आणलंय." शाळेला बोल लागला, पण तुमचा आवाज कापला नाही.

मराठी बोललं की तुम्ही शिक्षा करायचात, ते मला आजही पटत नाही. पण त्या दिवशीच्या तुम्ही माझ्यात कायमच्या राहिलात.

गार्ड बसलं. मला मात्र दुसऱ्या प्लांटला पाठवलंय. निघताना जाईबाई गेटवर आल्या. "पोरी, तू व्हतीस म्हणून," एवढंच म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझा चेहरा कुरवाळला.

तुमची विद्यार्थिनी,
नेहा