कपाटांचा कारखाना रॉजरला का नाही

मी, विल्हेल्मिना व्हेल्डकांप, कै. गेरिट यांची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार झीलंड, मिशिगन, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने डॉक्टरांचा दाखला बघावा आणि गप्प बसावं.

१. राहतं घर माझा एकुलता एक मुलगा रॉजर यास. तळघरात पाणी येतं. ते त्याने स्वतः उपसावं, माणसं लावू नयेत. माणसं कशी वागवायची हे त्याला कळत नाही.

२. गेरिटचे रंधे, पटाशा आणि हरणाच्या शिकारीची बंदूक आर्लीन बोस्मा हिला. ती आमच्याकडे सुतारकामावरची मुकादम होती. होती म्हणण्याचं कारण पुढीलप्रमाणे.

गेरिटच्या मागे कारखान्याचा कारभार हाती येताच रॉजर नेतृत्वाच्या शिबिराला गेला आणि भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ असं रंगवून घेतलं. मग हरणाच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस आला. त्या दिवशी आमच्या गावात मयतसुद्धा पुढे ढकलतात. या शहाण्याने नेमकी तेव्हाच फोनवर सभा बोलावली, सगळ्यांचे आवाज बंद ठेवले आणि निम्म्या लोकांना काढून टाकलं.

मी जाब विचारला तर म्हणतो, “आई, सुट्टी होती ना? सगळे मोकळेच होते की!”

आर्लीन तेव्हा जंगलात मचाणावर होती. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. “बाई, एवढं मोठं शिंगाळं समोर आलं, आणि खिशातून साहेब बोलायला लागले. हरीण पळालं. मी ‘का?’ म्हणून ओरडले, तर तिकडे ऐकूच जाईना.” हसता हसता रडली. मला त्या दिवशी पोटच्या पोराची किळस आली.

३. सबब कारखान्यातले माझे सर्व हिस्से कामगारांच्या मंडळाला देत आहे. काढलेल्यांना परत बोलवावं. प्रमुख आर्लीन राहील. शुक्रवारचं वाटाण्याचं सूप प्रमुखाने सर्वांना वाढावं आणि स्वतः शेवटी जेवावं. गेरिट असंच करायचा. रॉजरने ते दोनदा केलं, दोन्ही वेळा फोटोपुरतं.

४. रॉजरला कारखान्यात काम हवं असेल तर त्याने इतरांसारखा अर्ज करावा. तो करणारच, दुसरं काही येत नाही त्याला.

आर्लीन, तू त्याला नकार द्यायचास. पण रीतीने. त्याच्या घरी जा. स्वयंपाकघरात समोरासमोर बस. त्याचं सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. रडला तर रुमाल दे. मग त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हण, आणि हे त्याच्या आईने सांगितलंय तेही सांग.

हे वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

विल्हेल्मिना व्हेल्डकांप
झीलंड, २ डिसेंबर २०१९

साक्षीदार, दोघांसमक्ष सही झाली:
१. हेन्री डायकहाउस, शेजारी
२. लोइस टेन ब्रिंक, परिचारिका